क्लास जान्स्झ यांचं मूल

नालवाडीतल्या आमच्या घराला लागूनच पिठाची चक्की होती. सकाळी आठला तिचा पट्टा फिरायला लागला की आमच्या घरातलं सगळं बोलणं एक पट्टी वर जायचं, आणि दुपारी ती थांबली तरी बराच वेळ कोणाच्या लक्षात यायचं नाही, आम्ही ओरडूनच बोलत राहायचो. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झाले होते. ते ओसरीवर पेपर घेऊन बसायचे आणि मोठ्यांदा वाचायचे, ऐकणारं कोणी असो वा नसो. आई मागच्या खोलीत भाकरी थापत असायची. तव्यावर भाकर टाकतानाचा तिच्या बांगड्यांचा आवाज मात्र चक्कीच्या आवाजातूनही ऐकू यायचा. आज हे लिहिताना माझ्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात मिक्सर चालू आहे, आणि मला तीच चक्की आठवते आहे.

बी.कॉम.ची परीक्षा दिली आणि निकाल लागायच्या आधीच मला नोकरी मिळाली. बोरगाव मेघेला खत-बियाण्यांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर लोणकर सरांनी कॉम्प्युटर क्लास काढला होता. क्लास काही चालला नाही, पण नागपूरच्या कोणा ओळखीच्या माणसाकडून त्यांना डेटा एन्ट्रीचं काम मिळालं. दहा कॉम्प्युटर, दहा मुली, खिडकीला हिरवा पडदा आणि जिन्यातून वर येणारा खतांचा उग्र वास. तो वास ओढणीत बसायचा. घरी आले की आई म्हणायची, "आंग धू पयले, मग बोल." मी सायकलनं जायची. डब्यात बेसन-भाकर, कधी भरलं वांगं. दुपारी आम्ही सगळ्या डबे मधे ठेवून खायचो आणि तेवढा वेळ की-बोर्डांचा खटखटाट थांबायचा.

काम हॉलंडचं होतं. तिथल्या समुद्रकाठच्या गावांमधल्या चर्चच्या फार जुन्या वह्या तिकडच्या हौशी म्हाताऱ्या लोकांनी वाचून टाइपरायटरवर उतरवल्या होत्या, आणि त्या पानांचे फोटो आमच्या पडद्यावर यायचे. कोणत्या दिवशी कोणत्या मुलाला नाव दिलं, त्याचा बाप कोण, आई कोण. कोणत्या दिवशी कोणाला पुरलं. डावीकडे पान, उजवीकडे रकाने, आणि आम्ही अक्षर पाहून अक्षर मारायचं. भाषा आम्हाला येत नव्हती, आणि यायची गरजही नव्हती. भिंतीवर सरांनी सूचना लावली होती, दिसतं तसं टाइप करा, दुरुस्ती करू नका, रिकामं असेल तर रिकामं सोडा. एकच पान दोघींना दिलं जायचं. दोघींचं जुळलं तर पुढे, नाही जुळलं तर ती ओळ लाल होऊन रेखाकडे जायची. रेखा माझ्याच वर्गातली, बोरगावचीच. ती तपासणीला होती, कारण तिची नजर पक्की होती आणि ती कमी बोलायची.

नावं आम्ही आमच्या पद्धतीनं वाचायचो. क्लास जान्स्झ. डर्क क्लास्झ. आल्टजे पीटर्सडर. शेवटी एक टिंब असायचं आणि ते टिंब चुकलं तर ओळ लाल. पहिले काही दिवस आम्ही हसलो. एखादी उशिरा आली की कोणीतरी म्हणायचं, "जान्स्झबाई आल्या." मग हसू संपलं आणि बोटं आपोआप चालायला लागली. पण नावांचं असं असतं की ती बोटांतून जाता जाता डोक्यात राहतात. एका गावाच्या वह्या महिनाभर माझ्याकडे होत्या, आणि तीच तीच माणसं परत परत यायला लागली. क्लास जान्स्झ आणि आल्टजे पीटर्सडर या जोडप्याची मला ओळखच झाली. त्यांना मुलगा झाला, त्याचं नाव जान. मुलगी झाली, तिचं नाव ट्रिजन. दोन पानांनंतर पुन्हा मुलगी, पुन्हा ट्रिजन. आणखी काही पानांनंतर परत ट्रिजन. मला वाटलं, तिकडच्या म्हाताऱ्यांनी तीच ओळ चुकून तीनदा लिहिली.

मी सरांना दाखवलं. सर म्हणाले, "तुले काय करायचं आहे? दिसते तसं मार नं." पण त्यांनाही शंका आली असावी, कारण त्यांनी मेल करून विचारलं. चार दिवसांनी तिकडच्या बाईंचं उत्तर आलं. सरांनी ते छापून आणलं आणि उभ्या उभ्या आम्हाला मराठीत सांगितलं. चूक काही नव्हती. पहिली ट्रिजन गेली म्हणून दुसरीला तेच नाव दिलं, दुसरीही गेली म्हणून तिसरीला. तिकडे तेव्हा तशी रीत होती. त्या माणसांना आडनाव नव्हतं. बापाचं नाव हीच ओळख. जान्स्झ म्हणजे जानचा मुलगा, पीटर्सडर म्हणजे पीटरची मुलगी, आणि ते टिंब म्हणजे पुढचा शब्द तोडल्याची खूण. आमची सोय म्हणून बाईंनी खाली शब्दांची एक यादी जोडली होती. त्या यादीत सहावा शब्द होता, 'किंद'.

हा शब्द आम्ही सगळ्यांनी शेकडो वेळा मारला होता. पुरल्याच्या वहीत तो फार यायचा. इंग्रजी अक्षरांत तो 'काइंड' असा दिसायचा, म्हणून आमच्यात ठरून गेलं होतं की हा चांगल्या, दयाळू माणसाबद्दलचा शब्द असणार, जसं आपण कैलासवासी लिहितो. 'काइंड वान क्लास जान्स्झ', म्हणजे कोणी भला क्लास जान्स्झ. यादीत लिहिलं होतं, किंद म्हणजे मूल. किंद वान क्लास जान्स्झ म्हणजे क्लास जान्स्झ यांचं मूल. वहीत मुलाचं नाव लिहायची पद्धत नव्हती. बापाचं लिहिलं की झालं. सर यादी भिंतीला चिकटवून निघून गेले. मग रेखा म्हणाली, "चला, पानं बाकी आहेत."

त्याच दिवसांत वंदनाताई बाळंतपणासाठी घरी आली होती. ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. गिरडजवळच्या एका गावात तिचं सासर, सुरेशभाऊजींचं किराण्याचं दुकान. पहिलंच बाळंतपण, म्हणून आईनं घर डोक्यावर घेतलं होतं. डिंक निवडून ठेवला, अळीव आणले, सुंठ कुटली, जुनी लुगडी धुऊन त्यांची दुपटी शिवली. ताई पुढच्या खोलीत खाटेवर पाय लांब करून पडलेली असायची आणि मी संध्याकाळी आले की म्हणायची, "सांग वं, आज कोन मेलं, कोन जलमलं?" आईला हे आवडायचं नाही. "दोन जिवाची बाई आहे, तिच्याजवळ काऊन असल्या गोठी करून राह्यली?" असं ती आतून म्हणायची. पण ताईला ऐकायचंच असायचं. मी पुरल्याच्या वहीचं काही सांगत नसे, फक्त नावं ठेवल्याच्या वहीचं सांगायची.

बाबांना त्या नावांचा भारी नाद लागला. एका संध्याकाळी त्यांनी पेपर बाजूला ठेवला. "म्हंजे आडनावच नाई त्याइले?"

"नाई. बापाचं नाव, बस."

"आपलंबी मंधातलं नाव तेच आहे. आडनाव आहे म्हनून त्याच्याकडे कोनी पाहत नाई, येवढंच."

मी म्हटलं, "पन बाबा, तिथं बायकाइचं बदलत नाई. ते आल्टजे आहे नं, तिले सहा लेकरं झाले तरी ते पीटरचीच पोरगी हाये. सहाव्या पोराच्या ओळीतबी पीटर्सडर."

ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, "माहं तर अक्षता पडल्याबरोबर बदललं. रेशनकारडावरबी तुमचं नाव पुसलं, बाबा." ती चेष्टेत म्हणाली होती. बाबांनी पेपर उचलला आणि वाचायला लागले, पण त्या दिवशी मनातल्या मनात.

ताईला दिवस पूर्ण व्हायच्या बरंच आधी कळा आल्या. सकाळची वेळ होती, चक्की चालू होती, त्यामुळे तिची पहिली हाक आम्हाला ऐकूच आली नाही. ऑटो करून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. दुपारी मुलगी झाली. एवढीशी, तळहाताएवढी नव्हे पण त्याच्या फार पुढेही नव्हे. तिला लगेच काचेच्या पेटीत ठेवलं. नाकाला नळी, ती जागेवर राहावी म्हणून गालांवर पट्ट्या, डोळ्यांवर कापड. पेटीला एक पुठ्ठा अडकवला होता, त्यावर निळ्या शाईनं लिहिलं होतं, बेबी ऑफ वंदना. शेजारच्या पेटीवर बेबी ऑफ सुनीता, पलीकडे बेबी ऑफ रुखसाना. मी काचेतून ते वाचलं आणि माझी बोटं ओढणीत हलली, जशी कामावर हलायची तशी. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही नाही. फक्त तसं झालं.

भाऊजींना दुकानाशेजारच्या फोनवर निरोप दिला. त्यांची आई फोनवर आली. गिरडला तेव्हा यात्रा होती, रस्त्यावर माणूस मावत नव्हता आणि वर्षाचं दुकान त्याच आठवड्यात चालायचं. त्या म्हणाल्या, "पोरगी झाली, बरं झालं. सुरेश बारशाच्या दिवशी येईन. आमच्यात बाप बारशाच्या आंधी तोंड पाहत नाई. नाव त्याची बहीन ठेवीन, ते बी संगंच येईन." आईनं पेटीबद्दल सांगितलं, तर पलीकडून एवढंच आलं, "दवाखान्यातले लोक सगळ्याइलेच भेव घालतेत." आईनं फोन ठेवला. ती पुढे काही बोलू शकली असती का, हा प्रश्न मी नंतर पुष्कळदा मनात घोळवला. मुलीची आई होती ती. व्याह्यांकडे तिचा आवाज कधीच चढायचा नाही.

आठ दिवस आम्ही त्या काचेसमोर उभे राहिलो. सकाळी आई, दुपारी बाबा, संध्याकाळी कामावरून परस्पर मी. आत एका वेळी एकीलाच सोडायचे, तेही पावलांवर हिरवी पिशवी चढवून. ताई दर तीन तासांनी वाटीत दूध काढून द्यायची आणि नर्स नळीतून ते घालायची. एकदा मी आत गेले तेव्हा नर्सनं पेटीच्या गोल भोकातून हात घालायला सांगितला. मी करंगळी पुढे केली, आणि बाळानं ती धरली. पकड म्हणावी असं बळ नव्हतं त्यात. आई तिला चिमी म्हणायची. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून घरातलं कोणी दुसरं नाव उच्चारायचं नाही. ताईच्या मनात एखादं असलंच तर तिनं ते सांगितलं नाही. मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "ठेवू दे नं तिच्या आत्याले. आंधी घरी तर येऊ दे."

नवव्या दिवशी डॉक्टरांनी बाबांना बाजूला बोलावलं. संसर्ग झाला होता. ते तरुण होते, त्यांच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं, आणि ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "आम्ही करून राह्यलो, सर, आम्ही करून राह्यलो." दुपारी चारच्या सुमारास पेटीचा दिवा बंद केला.

भाऊजींना लगेच फोन गेला. ते निघाले, पण यात्रेच्या गर्दीत त्यांना समुद्रपूरची बस मिळेना. दवाखान्यातून गुंडाळलेलं बाळ हातात दिलं, आणि उन्हं उतरायच्या आत पुरायला हवं असं सगळे म्हणाले. बाबा आणि शेजारचे चक्कीवाले काका, दोघेच गेले. बायकांनी जायचं नसतं. मी फाटकापर्यंत गेले आणि परत आले. चक्की त्या दिवशी अर्ध्यातच बंद होती आणि घरात कोणाला मोठ्यांदा बोलावं लागत नव्हतं. भाऊजी पोचले तेव्हा बाबा आंघोळ करून ओसरीवर बसले होते. भाऊजींनी चपला काढल्या, आत पाहिलं, आणि विचारलं, "झालं काय?" बाबा म्हणाले, "झालं." भाऊजी तिथंच पायरीवर बसले. त्यांच्या शर्टाला गुळाचा वास येत होता.

मृत्यूची नोंद करायला मी गेले, कारण फॉर्म भरायचं काम घरात माझं. खिडकीमागचा कारकून चांगला माणूस होता, त्यानं मला बसायला स्टूल दिलं. त्यानं विचारलं, "नाव?"

"ठेवलं नव्हतं. बारसं व्हायचं होतं."

"मंग वडलाचं नाव सांगा."

"घरी चिमी म्हनत होतो. ते लिहिता येत नाई का?"

त्यानं पेन थांबवलं. "ताई, लाडाचं नाव नाई चालत इथं. कागदाले आधार पाहिजे. आपन असं करू, सुरेश यांची मुलगी, असं लिहून देतो." त्यानं वळणदार अक्षरात लिहिलं, शिक्का मारला आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी म्हटलं, ठीक आहे.

घरी मात्र बाळंतिणीचं सगळं चालू होतं. बाळ गेलं म्हणून अंग थोडंच ऐकतं. आई रोज सकाळी अळिवाची खीर करायची, शेपूची भाजी करायची, तेल लावायची. ताई मुकाट्यानं खायची. दूध येत होतं. आईनं जुन्या लुगड्याचा पट्टा फाडून तिच्या छातीला घट्ट बांधला, आणि तो बांधताना दोघी एकमेकींकडे पाहत नव्हत्या. मी भांडी घासत होते. पट्ट्याची गाठ मारताना आई म्हणाली, "दुखते का?" ताई म्हणाली, "आवळ अजून."

आठवड्यानं मी कामावर गेले. मला पुरल्याची वही आली होती. मी काही मागितली नव्हती, क्रमानंच आली. तिसऱ्या पानावर ती ओळ होती, किंद वान क्लास जान्स्झ. मी तारीख मारली, बापाचं नाव मारलं, टिंब दिलं. मुलाच्या नावाचा रकाना रिकामा होता. तिथं फक्त पुढे जायचं बटण दाबायचं असतं. मी दाबलं नाही. इंग्रजी अक्षरांत चिमी लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेले.

तासाभरानं रेखानं मला तिच्या टेबलाजवळ बोलावलं. पडद्यावर ती ओळ लाल होती. वरच्या ओळीत माझं, खालच्या ओळीत दुसरीचं, रिकामं. रेखाला घरचं माहीत होतं, ती भेटायलाही येऊन गेली होती. तिनं आवाज खाली आणून विचारलं, "कोनतं ठेवू?"

रेखा थांबली. तिच्यावर दुसऱ्या पानांचा ढीग होता, तरी थांबली.

"खालचं ठेव," मी म्हटलं.

तिनं बटण दाबलं आणि ओळ काळी झाली. ते काम आणखी सात-आठ महिने चाललं, मग बंद पडलं. लोणकर सरांनी तिथं मोबाइलचं दुकान काढलं. त्या वह्या आता इंटरनेटवर कुठंतरी असतील आणि हॉलंडमधली माणसं त्यांत आपले पूर्वज शोधत असतील. मी कधी उघडून पाहिलेल्या नाहीत.

सव्वा महिना झाला तेव्हा भाऊजी ताईला न्यायला आले. आईनं पुरणपोळी केली नाही, पण गोळाभात केला, वर फोडणीचं तेल घातलं. ते व्यवस्थित जेवले. मी पिशवी घेऊन बसस्टँडपर्यंत गेले. हिंगणघाटची गाडी लागलेली होती. ताई खिडकीजवळ बसली आणि पदर डोक्यावर ओढून समोर पाहू लागली. भाऊजी पाण्याची बाटली घेतो म्हणून खाली उतरले, पण टपरीकडे न जाता माझ्याजवळ येऊन उभे राहिले. माझ्याशी ते कधी फार बोललेले नव्हते. साळीशी थट्टा करणाऱ्यांपैकी ते नव्हतेच.

"सुषमा, तुले एक इचारू?"

"इचारा नं, भाऊजी."

त्यांनी बसकडे पाहिलं, मग खाली. "पोरगी कोनासारखी दिसे?"

मला आठवेना. मला पट्ट्या आठवत होत्या, नळी, डोळ्यांवरचं कापड, निळ्या शाईतली अक्षरं. नऊ दिवसांत तो चेहरा मी उघडा असा पाहिलाच नव्हता. शेवटी गुंडाळलं तेव्हाही मी दाराशी होते. मागे ड्रायव्हरनं गाडी चालू केली होती आणि सगळे पत्रे थडथडत होते, म्हणून मला जरा मोठ्यांदा बोलावं लागलं.

"तुमच्यासारखी," मी म्हटलं. "कपाळ तर तुमचंच होतं."

त्यांनी मान हलवली, दोनदा. पाणी घ्यायचं विसरून ते तसेच वर चढले आणि ताईच्या शेजारी बसले. मी घरी आले तेव्हा आई दारातच उभी होती. तिनं विचारलं, नीट बसले का दोघं. मी म्हटलं, हो, जागा मिळाली.